हातच्या तीरकामठ्याची मापं एकमेकांना द्यायची, पण कशी?

मांजराकाठ
राम राम मंडळी. आपल्या भागात हौसेनं लाकडाची, बांबूची धनुष्यं बनवणारे आता बरेच झालेत. कुणी फोटो टाकला की चार जण वाहवा करतात आणि लगेच खाली प्रश्न येतो, "दादा, मापं द्या ना." आपण देतोही. लांबी ६४ इंच, मुठीजवळ रुंदी दीड इंच, टोकाला अर्धा इंच. संपलं.

माझं म्हणणं असं की ही मापं अर्धवट आहेत आणि अर्धवट मापांपायी चांगलं लाकूड वाया जातंय. माझ्या कळकाच्या धनुष्याची मापं मी अंबाजोगाईच्या एका मित्राला दिली. गडी हाताचा पक्का. व्हर्नियर लावून मिलिमीटरला मिलिमीटर जुळवलं. माझं २८ इंच ओढीला, म्हणजे दोरी मुठीपासून तेवढी लांब ओढायला, ४० पौंड जोर घेतं, त्याचं ५२ भरलं. दहावीतल्या मुलीसाठी बनवलेलं, तिला पुरतं ओढवेना. मापं तीच, बांबू कळकच. पण माझा कळक तिसऱ्या वर्षाचा, त्याचा पाचव्या-सहाव्या वर्षाचा निबर. माझं श्रावणात मोजलेलं, त्याचं ऐन मे महिन्यात. माझी पट्टी बुडातली, त्याची मधल्या पेरांतली. यातल्या कशानं किती फरक पडला ते आता कोण सांगणार? मापांच्या कागदावर यातलं काहीच नसतं. एखाद्यानं एकरी कापूस सांगावा आणि जमीन काळी की मुरमाड ते सांगू नये, तसलं हे.

म्हणून एक सुचवतो. मापं टाकताना लाकूड कोणतं, कुठं उभं होतं, कधी तोडलं, किती सुकवलं हे लिहायचं. लांबी दोरी अडकते त्या टोकाच्या खाचेपासून खाचेपर्यंत. दर ६ इंचाला रुंदी आणि जाडी. ओढीचे पौंड फक्त शेवटचे नाहीत, २० इंचापासून दर २ इंचाला. दोरी उतरवल्यावर धनुष्य किती वाकलेलं राहतं तेही. आणि मोडलेल्या धनुष्यांचीही तशीच नोंद हवी, मला तर ती जास्त मोलाची वाटते.

यात काय वाढवायचं, काय गाळायचं? आणि मापं वाटूच नयेत असं कुणाला वाटतं का?

सुतारमामा
लेकरा, तळमळ कळली. पण आकडे जुळवून धनुष्य होत नसतं. मी तिफणी केल्या, गाड्या केल्या, जू केलं. एका बाभळीची दोन जुवं कधी सारखी तासली नाहीत, कारण लाकूड सारखं नसतं. धनुष्याचंही तेच. कच्चं तासून घ्यायचं, दोरी ढिली चढवायची, थोडं ओढायचं आणि लांबून बघायचं. जिथं वाकत नाही तिथं काचेच्या तुकड्यानं दोन हात खरवडायचं, पुन्हा ओढायचं. कमानीची रेघ डोळ्याला गोड लागेपर्यंत हेच. तुमच्या तक्त्यात हे कुठं बसवणार?

आणि मिलिमीटर कशाला? इंच-सुतात बोला. सुताराला सूत कळतं.

पेनगंगा
मामा, नजरेबद्दल शंभर टक्के मान्य. पण सुताबद्दल नाही, आणि त्याला कारण आहे.

पात्याचा, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडच्या वाकणाऱ्या भागाचा, ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहा टक्के कमी. जाडी मात्र १२ मिमीची ११ केली की ताठपणा २३ टक्क्यांनी जातो. एक सूत म्हणजे ३ मिमीहून थोडं जास्त. १२ मिमीच्या पात्यात अर्धं सूत इकडंतिकडं झालं तर ४० पौंडाचं धनुष्य २६ वर येतं. म्हणून जाडी मिलिमीटरमध्ये, तीही अर्ध्या मिलिमीटरपर्यंत हवी. लांबी-रुंदी खुशाल इंच-सुतात लिहा.

आणि मांजराकाठ, याच गणितामुळं एक विनंती. दिलेली जाडी ही शेवटची जाडी आहे हे तक्त्याच्या डोक्यावरच लिहा. करणाऱ्यानं तिथून २-३ मिमी जास्त ठेवून सुरुवात करायची आणि पुढं मामा म्हणतात तसं नजरेनं उतरवायचं. तुमच्या मित्राचं ५२ पौंडाचं धनुष्य अजून ४० वर आणता येईल, पोटाकडून हलक्या हातानं. जास्त असलेलं काढता येतं, गेलेलं परत येत नाही.

वाचनमात्र
अर्ध्या सुतावरून स्वर्ग गाठतात हे आज पटलं.

नवा_भिडू
मी धाराशिवचा, कॉलेजला आहे. एकही धनुष्य केलेलं नाही, हा धागा वाचून करावंसं वाटायलंय. पाठ कुठली, पोट कुठलं? आणि खरवडायचं नेमकं कोणत्या बाजूनं?

सुतारमामा
बाळा, धनुष्य धरलंस की तुझ्याकडं येतं ते पोट, निशाणाकडं जाते ती पाठ. ओढताना पाठ ताणते, पोट दबतं. पाठीला हत्यार लावायचं नाही. बांबू असेल तर बाहेरची हिरवी-पिवळी बाजू पाठ, तिच्यावरच्या गाठी तशाच राहू द्यायच्या. कोवळ्या खोडाचं करत असशील तर साल अलगद सोल, खाली जो पृष्ठभाग निघेल तीच पाठ. तिच्यातला एक जरी धागा मधेच तुटला तर तिथूनच चीर उठते. खरवडणं सगळं पोटाकडून. आणि लाकूड करवतीनं कापण्यापेक्षा पाचर मारून फोडून बघ. धागे पिळलेले आहेत का ते फुटतानाच दिसतं.

कोकणातला_पाहुणा
मी कुडाळचा, पण तुमचे धागे वाचतो. मापांच्या कागदावर गाव लिहायला हवं हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला पटेल! मागच्या वर्षी परभणीच्या एका सदस्याची मापं घेऊन मी बांबूचं केलं. ते जूनपर्यंत छान चाललं. पावसाळ्यात इतकं ढिलं पडलं की दोरी उतरवल्यावरही वाकलेलंच राहायला लागलं. आमच्याकडे दोन-तीन महिने हवा ओलीच असते. लाकूड सुकणार कुठून?

मांजराकाठ
पाहुणे, अगदी हाच मुद्दा. हवेतली आर्द्रता २० टक्क्यांवर आली की लाकडातला ओलावा साडेचार टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतो. ८० टक्क्यांवर गेली की सोळाच्या आसपास. आपल्याकडं मे महिन्यातल्या दुपारी पहिली गत, भरपावसात दुसरी. धनुष्याला चांगला ओलावा ८ ते १० टक्के. त्याच्या खाली लाकूड ठिसूळ होऊन पाठीकडून तुटतं, वर गेलं की पोट दबून कायमचं वाकतं. म्हणजे आपल्या मराठवाड्यात एकाच धनुष्याला वर्षातून दोन वेगवेगळे धोके आहेत. उन्हाळ्यात बनवून पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेलं धनुष्य मी तरी काढून लगेच पूर्ण ओढणार नाही.

ओलावा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. त्याच लाकडाचा एक तुकडा बारीक काट्यावर तोला, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवा, वजन उतरायचं थांबलं की पुन्हा तोला. ५४ ग्रॅमचा ४९ झाला तर ५ भागिले ४९, म्हणजे १० टक्के. त्याच सुक्या तुकड्याची लांबी-रुंदी-जाडी मोजली की घनताही निघते. एका कामात दोन रकाने भरतात.

३०मीटर
मी शाळेतल्या मुलांना इंडियन राऊंड शिकवतो, छत्रपती संभाजीनगरला. त्या प्रकारात बांबू-लाकडाचंच धनुष्य असतं, ३० आणि ५० मीटरवर मारायचं. त्यामुळं हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. दोन गोष्टी बोलतो.

पहिली, नोंदी वाटण्याला माझा पाठिंबा आहे. खेड्यातल्या मुलाला विकतचं धनुष्य परवडत नाही म्हणून खेळ सुटतो, हे मी बघतो. चांगल्या नोंदी असल्या तर गावातला सुतार त्याला सरावापुरतं धनुष्य करून देऊ शकेल.

दुसरी, विकत आणलेलं धनुष्य उलगडून, मोजून इथं टाकू नका. त्या कारागिरानं कोणती पट्टी कुठं चिकटवायची, कोणता गोंद वापरायचा हे शिकण्यात आयुष्य घातलंय आणि त्याचं घर त्यावर चालतं. आपण हौशी लोक. आपली हौस त्याच्या पोटावर यायला नको.

पेनगंगा
सर, थोडी असहमती. एका लाकडाचं सपाट पात्याचं धनुष्य हा कोणाच्या मालकीचा आकार नाही. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली एल्म लाकडाची धनुष्यं आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांची पाती रुंद, सपाटच आहेत. असला आकार मोजून कोणी टाकला तर कारागिराचं काय जातं? चिकटवलेल्या पट्ट्यांच्या धनुष्याबद्दल मात्र तुमचं पटतं. तिथं कारागिराची स्वतःची अक्कल आहे.

३०मीटर
ताई, आकाराबद्दल वाद नाही. पण विकतच्या वस्तूवरून काढलेलं माप असेल तर त्या माणसाला विचारल्याशिवाय नको, आकार कितीही जुना असो. तो रोज सकाळी दुकान उघडतो आणि आपण उघडत नाही, एवढाच माझा मुद्दा.

मांजराकाठ
सरांचं मान्य करू या. इथं स्वतःच्या हातानं बनवलेल्याच धनुष्यांच्या नोंदी. विकतचं असेल तर बनवणाऱ्याची परवानगी घेतली असं स्पष्ट लिहायचं.

किनवटची_वाट
हाच मुद्दा मी जरा पुढं नेते. मी किनवट तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्याकडं कोलाम, गोंड, आंध समाजाच्या वस्त्या आहेत आणि काही घरांत अजून तीरकामठा भिंतीला लावलेला असतो. शहरातून कुणी येतं, फोटो काढतं, टेप लावून मापं घेतं आणि जातं. पुढं त्या मापांवर लिहिलेलं असतं "पारंपरिक आदिवासी धनुष्य". कोणाचं, कोणत्या गावचं, कोणी सांगितलं, काही नाही. तक्त्यात तुम्ही लाकडाचं गाव विचारताय. मग ज्ञान कोणाकडून आलं त्याचाही रकाना ठेवा. त्या माणसाला विचारूनच. नाव नको म्हणाला तर नाव नको, देऊ नका म्हणाला तर मापही नको.

एका विद्यार्थ्याच्या आजोबांना मी विचारलं होतं, लांबी किती ठेवता. ते उठून उभे राहिले आणि स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवलं, जमिनीपासून इथवर. माझ्यासाठी केलं असतं तर माझ्या अंगावर मोजलं असतं, असंही म्हणाले. या मापाला इंचाचा रकाना पुरत नाही.

पेनगंगा
ताई, फार महत्त्वाचं बोललात. अमेरिकेत १९११ साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा माणूस लोकांसमोर आला, 'याही' नावाच्या जमातीचा शेवटचा. १९१६ साली तो वारला. मधल्या काळात सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरनं त्याच्याकडून धनुष्य बनवणं शिकून सगळं लिहून ठेवलं. इशीचं लांबीचं मापही अंगाचंच होतं, आडव्या पसरलेल्या हाताच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत. आज जगभरचे हौशी लोक ते माप वापरतात आणि इशीचं नाव घेऊन वापरतात, कारण पोपनं कोणाकडून शिकलो ते लपवलं नाही.

अंगाच्या मापामागं शास्त्रही आहे. माणसाची ओढ त्याच्या हाताच्या लांबीवर ठरते आणि धनुष्याची लांबी ओढीवर. ओढीच्या दुप्पट आणि वर दहा-वीस टक्के, असा एका लाकडाच्या धनुष्याचा ढोबळ हिशेब आहे. २८ इंच ओढ असेल तर ६२ ते ६७ इंच. आजोबा हा हिशेब अंगावर करतात.

मांजराकाठ
"कोणाकडून शिकलो" हा रकाना घेतला. आणि ज्याच्यासाठी बनवलं त्याची उंची आणि ओढ हाही.

गौताळा
पक्षी बघत फिरतो, धनुष्य बनवत नाही, पण लाकडाचा विषय निघाला म्हणून सांगतो. अभयारण्यातून काडीही आणायची नाही. बाहेरही, स्वतःच्या शेतात असलं तरी साग, मोह, चिंच, आंबा, तिवस अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, परवानगी लागते. बांबूचं मात्र सोपं झालंय. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला. शेतातला बांबू तोडायला, न्यायला आता ते झंझट नाही. आणि शिकारीला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. इथं कोणी ससा-तितराची भाषा केली तर धागा उडवावा ही विनंती.

३०मीटर
पूर्ण पाठिंबा. निशाण गवताच्या पेंढ्यांचं, मागं मातीचा बांध किंवा भिंत, आणि बाजूला कोणी नाही. बाण न लावता दोरी सोडायची नाही. सगळा जोर पात्यांतच राहतो आणि धनुष्य हातातच फुटतं. बाणही फार हलका नको. पौंडामागं १० ग्रेन धरा, म्हणजे ४० पौंडाला ४०० ग्रेन, साधारण २६ ग्रॅम.

तुतीवाला
लाकडावरून आठवलं. कुणी तुतीकडं बघितलंय का? मी अंबड तालुक्यातला, रेशीमवाला. आपल्या जालना-बीडकडं तुतीच्या बागा कितीतरी. बाग पंधराएक वर्षांची झाली की मोडतात आणि बुंधे सरपणात जातात. परदेशात धनुष्याचं राजा-लाकूड म्हणतात ते ऑसेज ऑरेंज तुतीच्याच कुळातलं आहे. तुतीत वर्षाची वलयं स्पष्ट दिसतात, त्यामुळं पाठीवर एकच वलय अखंड ठेवून त्याच्या वरचं उतरवता येतं. बाभळीत, बोरीत ते जमत नाही. अडचण एकच. आपण पाल्यासाठी दरवर्षी छाटतो, त्यामुळं सरळ पाच फूट खोड मिळणं कठीण. मी बांधावर मोकळं वाढलेलं झाड वापरलं.

सुतारमामा
तुतीचं मी कधी काही केलं नाही. टोपल्या विणलेल्या बघितल्या. एक बुंधा पाठव बाबा, बघू तरी वासल्याखाली कशी लागते. मला धामणीच्या झाडाचं लाकूड मिळालं होतं एकदा, कावडीचा जुना दांडा होता. त्याच्यासारखं लवचिक लाकूड दुसरं नाही.

नवा_भिडू
घरी परसात बांबूचं बेट आहे. पण आजी म्हणते आता तोडू नको, घुण लागेल. खरं का?

मांजराकाठ
आजीचं ऐक. घुणाला बांबूतली पिठूळ साखर, स्टार्च हवा असतो. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोडलेल्या निबर बांबूत तो कमी असतो. कोंब फुटण्याच्या दिवसांत तोडू नको. तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या किंवा बदलत्या पाण्यात बुडवून ठेवला तर आणखी उतरतो. मग सावलीत उभा करून सुकव. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवला तर अजून चांगलं. तीन वर्षांच्या आतला कोवळा कोंब धनुष्याला घेऊ नको. आणि बुडापासून कितव्या पेरापासून पट्टी काढलीस ते पेन्सिलीनं लिही, नोंदीला लागेल.

वाचनमात्र
आजी हाही रकाना करा, "कोणाकडून शिकलो" मध्ये अर्धा महाराष्ट्र बसेल.

किनवटची_वाट
दोरीचं कोणीच बोललं नाही! धनुष्य लाकडाचं आणि दोरी नायलॉनची, असं पुष्कळांचं बघते.

पेनगंगा
नायलॉन ताणतो, ओढीतला जोर तो स्वतःच खातो. आजचे हौशी डॅक्रॉन वापरतात, म्हणजे पॉलिएस्टर. तो कमी ताणतो पण टोकाच्या खाचांना झटका देत नाही. दोरीची ताकद धनुष्याच्या चौपट तरी ठेवायची. त्याहून कडक, न ताणणारे नवे दोरे साध्या लाकडाच्या टोकात रुततात, टोकं मजबूत केलेली नसतील तर नकोत.

आणि जुनं बघायचं असेल तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोरीच्या सामानाची यादीच आहे. मूर्वा, रुई, ताग, गवेधु, बांबू आणि स्नायू, म्हणजे जनावराची तात. बांबूची दोरी ऐकून चकित व्हायचं कारण नाही, सातपुड्यातले भिल्ल आजही कामट्याला बांबूच्या कामटीची दोरी लावतात. आणि रुई तर आपल्या प्रत्येक पडीक रानात, रस्त्याच्या कडेला उभी आहे. तिच्या खोडाच्या सालीचा धागा फार चिवट असतो.

तुतीवाला
रुईचा धागा काढताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. फांद्या आधी वाळवून मग साल सोला.

गौताळा
वेरूळच्या १५ व्या लेण्यात वरच्या मजल्यावर त्रिपुरांतक शिव आहे, रथावर, धनुष्य घेतलेला. मी पक्षी सोडून तिथं उभा राहतो. पुढच्या वेळी दोरी कशी बसवलीय ते बघून येतो.

मांजराकाठ
मंडळी, विषय रंगलाय पण मूळ प्रश्नावर येऊ. मामांचा मुद्दा अजून तसाच आहे. नजरेचं काय करायचं?

सुतारमामा
मी त्याच विचारात होतो. पोरानं काल मोबाईलवर माझ्या धनुष्याचा फोटो काढला, भिंतीवर ओढलेलं. तो बघताना कळलं, खालचं पातं मुठीजवळ जास्त वाकतंय. ओढताना ते दिसलं नव्हतं, फोटोत दिसलं. तेव्हा असं करा. भिंतीवर खडूनं चौकटी आखा, एक वीत बाय एक वीत. धनुष्य मुठीत आडवं अडकवा, दोरी खाली दोरखंड-चाकानं ओढा आणि समोरून फोटो काढा. एक ढिल्या दोरीवर, एक निम्म्या ओढीला, एक पूर्ण ओढीला. मग आकडे नसले तरी मी घरी बसून सांगीन कुठं काढायचं आणि कुठं हात लावायचा नाही. नजर द्यायची तर अशी देता येते. आकडे तुम्ही लिहा, मी फोटो बघीन.

आणि हो, जाडी मिलिमीटरमध्ये लिहा. ताईचं गणित मी लाकडावर करून बघितलं, बरोबर आहे.

पेनगंगा
मामा, यासारखी सूचना अख्ख्या धाग्यात नाही. चौकटीवरच्या फोटोतून वक्रता थेट मोजता येते. ओढणारा माणूस मात्र बाजूला उभा राहू दे, धनुष्याच्या रेषेत नको, आणि डोळ्यांना चष्मा. आणखी एक, शेवटी जितके पौंड हवेत त्यापुढं बनवताना कधीच ओढायचं नाही. ४० हवं असेल तर काटा ४० ला लागला की थांबा, दोरी मग १५ इंचावर असो की २०.

इंग्लंडचं मेरी रोज जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यातली यू नावाच्या झाडाच्या लाकडाची शंभरावर लांब धनुष्यं मिळाली. लाकूड पाण्यात कमजोर झालेलं, त्यामुळं ओढून खरं वजन मिळेना. मापं घेऊन गणितं मांडावी लागली, तशाच यूची नवी धनुष्यं करून ताडून बघावी लागली. त्या काळी कोणी ओढीचा एक आकडा लिहून ठेवला असता तर हे करावं लागलं नसतं. आपण आज जे लिहू ते पुढच्याच्या उपयोगी पडेल ते असं.

तुतीवाला
मग मी सुरुवात करतो.

लाकूड तुती, अंबड तालुका, बांधावरचं मोकळं झाड. हिवाळ्यात तोडलं, फोडून टोकांना मेण लावून वर्षभर सावलीत. ओलावा ९ टक्के, घनता ०.६६, मोजलं नोव्हेंबरात. माझ्या भाच्यासाठी, त्याची ओढ २६ इंच. लांबी खाच ते खाच ६२ इंच. मूठ आणि दोन्हीकडचा उतार धरून ८ इंच न वाकणारं. रुंदी निम्म्या पात्यापर्यंत ४० मिमी, पुढं निमुळती होत टोकाला १२. जाडी उतारापासून दर ६ इंचाला १४, १३, १२.५, १२ आणि टोकाजवळ ११. ओढ २० इंचाला २६ पौंड, २२ ला ३०, २४ ला ३४, २६ ला ३८. दोरी मुठीपासून ६ इंच. धनुष्याचं स्वतःचं वजन ४७० ग्रॅम. बाण सोडून झाल्यावर दोरी उतरवली की दीड इंच वाकलेलं राहतं. वरचं पातं खालच्यापेक्षा किंचित जास्त वाकतं, ४ मिमीचा फरक, तो मुद्दाम. कोणाकडून शिकलो: गावचे सुतार, आणि या धाग्याआधीचे तुमचे सगळे धागे. फोटो चौकटीवरचे उद्या टाकतो.

दुसरं मोडलेलं. त्याच झाडाचं, तीच मापं. पाठीवर गाठ होती, ती सपाट केलेली. २२ इंचाला गाठीतूनच चीर उठली. गाठीभोवती लाकूड उंच ठेवलं असतं तर वाचलं असतं असं मला वाटतं. मामा, तुकडे ठेवलेत, बुंध्याबरोबर पाठवतो.

सुतारमामा
पाठव. तुकडे आधी बघीन.

किनवटची_वाट
आजोबांना हा धागा वाचून दाखवला. बाकीचं त्यांनी हसत ऐकलं, गाठीचं ऐकून मान हलवली. म्हणाले, गाठीला धक्का लावायचाच नसतो, तिच्या बाजूनं जायचं. लांबी कशी मोजतात ते लिहायला परवानगी दिलीय. नाव नको, फक्त गाव आणि कोलाम समाज असं लिहा म्हणाले. सविस्तर वेगळ्या प्रतिसादात टाकते.

नवा_भिडू
ताई, मामा, दादा, मी बांबूचं सुरू केलं! ढिल्या दोरीवर आहे. ओढ मोजायला घरातला बॅग तोलायचा काटा वापरतोय. तो खरा दाखवतो का हे कसं कळणार?

पेनगंगा
पाण्यानं तपास. एक लिटर पाणी एक किलो. रिकामा जार आधी काट्याला अडकवून वजन घे, मग त्यात मोजून २० लिटर भर. फरक २० किलो आला पाहिजे, म्हणजे ४४ पौंड. काटा धनुष्याच्या वजनाच्या आसपासच तपासायचा, एक-दोन किलोवर तपासून उपयोग नाही.

नवा_भिडू
केलं. १९.४ दाखवायलाय.

पेनगंगा
मग तुझा काटा तीन टक्के कमी दाखवतो. तुझे ३५ पौंड खरे ३६ आहेत. नोंदीत दोन्ही लिही, काट्यावरचा आकडा आणि दुरुस्त केलेला. मांजराकाठ, "काटा तपासला का" हा रकाना पहिल्या पोस्टमध्ये टाकाल?

मांजराकाठ
टाकला.